फ्लेमिंगोंचे फोटो: आधी भरती बघा

वर विचारलंय, नवी मुंबईत ऐरोली-नेरूळला फ्लेमिंगोंच्या फोटोंसाठी पहाटे जावं का. उजेडासाठी सकाळ उत्तमच, ठाणे खाडी पश्चिमेला असल्याने ऊन आपल्या पाठीशी राहतं. पण आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला थवे चिखलात दूरवर पांगतात, फोटोत नुसते गुलाबी ठिपके येतात. भरतीने चिखल बुडाला की बरेच पक्षी नेरूळच्या पाणथळींत येतात. तिथे मान खाली घालून, उलटी चोच पाण्यात फिरवत शेवाळ गाळून खाताना जवळून दिसतात, अगदी चोचीचं काळं टोकसुद्धा! कळकळीची विनंती, उडतानाच्या फोटोसाठी टाळ्या, दगड, ड्रोन नकोत. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तरीही असले प्रकार दिसले की जीव तुटतो. एप्रिल-मे हातचा घालवू नका.