सामान हलवायला स्थानिक टेंपोवालाच बरा

पुण्यात मुठा नदीकाठच्या एकतानगरीत राहायला जाताना मोठी कंपनी लावावी की जवळचा टेंपोवाला, असं तुम्ही विचारलंय. माझं मत ठामपणे जवळच्याच्या बाजूने.

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी तिथल्या सोसायट्यांमध्ये शिरलं होतं. नदीकाठच्या माणसाला कोणती गल्ली आधी तुंबते, छोटा हत्ती कुठवर जातो, हे विचारावं लागत नाही. आम्ही नदीकाठी घर बदललं तेव्हा बाहेरून आलेला मोठा ट्रक गल्लीत वळेचना. कपाट शंभर पावलं उचलून न्यावं लागलं, हमालांचे फार हाल झाले. त्याचं अजून वाईट वाटतं.

भाव ठरवताना मजला, लिफ्ट, हमाल किती, पलंग-कपाट खोलून जोडून देणार का, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम थोडीच द्या. फ्रिज उभाच न्यायला सांगा, पोचल्यावर काही तास बंद ठेवा.

आणि पावसाळ्यात जाणार असाल तर आदल्या रात्री धरणाच्या विसर्गाची बातमी नक्की बघा. विसर्ग वाढला की मुठेवरचा सखल भिडे पूल बंद होतो, मग डेक्कनकडून येणाऱ्या टेंपोला वळसा पडतो. तळमजला असेल तर कागदपत्रं, इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच दिवशी उंचावर ठेवा.