अनुभव धागा: आमदारांचे हिवाळी पत्रक तुमच्या दारापर्यंत आले का?

नागपूरचे हिवाळी अधिवेशन आटोपले, की आमच्या मतदारसंघात आमदारांच्या संपर्क कार्यालयातून एक चार पानी पत्रक निघते. सभागृहात कोणते प्रश्न मांडले, त्यांना काय उत्तर मिळाले, तालुक्यात कोणती कामे मंजूर झाली आणि अडल्यानडल्यास कोणाकडे जायचे, एवढे त्यात असते. इतकी वर्षे मी ते चाळून बाजूला ठेवत असे. डिसेंबर 2025 चे अधिवेशन मात्र सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतरचे पहिलेच होते आणि 8 ते 14 डिसेंबर असे जेमतेम आठवडाभर चालले, त्यामुळे त्यात आपल्या भागाचे काय झाले हे समजून घेण्यासाठी मी पत्रक प्रथमच शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

विधानसभेच्या 288 जागांपैकी 46 मराठवाड्यात आहेत. या मतदारसंघांतून काय काय छापले जाते, ते वाचून कोणाचे काम झाले आणि कोणाचे राहून गेले, हे एकत्र नोंदवावे यासाठी हा धागा काढत आहे. आमदारांचे नाव आणि पक्ष कृपया लिहू नये. अनुभव मात्र सविस्तर लिहावा.

शेतकरी, परंडा तालुका, जि. धाराशिव

आमचे शेत सीना नदीच्या काठाला आहे. सप्टेंबरमध्ये नदीचे पाणी शेतात शिरले आणि दोन दिवसांनी ओसरले, तेव्हा काढणीला आलेले सोयाबीन तर गेले होतेच, पण बांधालगतची सुपीक माती वाहून जाऊन खाली नुसता मुरूम उघडा पडला होता. विहीर गाळाने इतकी भरली होती, की मोटार कुठे आहे हे दोराच्या अंदाजाने शोधावे लागले. पंचनामा झाला, परंतु त्यात फक्त पिकाची नोंद झाली. आम्हालाही त्या वेळी दुसरे काही सुचले नाही, कारण घरातले धान्य भिजलेले होते आणि जनावरांना वैरण नव्हती.

पत्रकाच्या दुसऱ्या पानावर मदतीचे प्रकार वेगवेगळे लिहिलेले होते. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी 8,500 रुपये, रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी 10,000 रुपये, खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख व रोजगार हमीतून 3 लाख रुपयांपर्यंतची कामे, आणि गाळाने भरलेल्या विहिरीसाठी 30,000 रुपये. ही घोषणा ऑक्टोबरमध्येच झाली होती आणि बातम्यांतून मीही ती ऐकली होती. पण त्या वेळी कानावर पडला तो 31,628 कोटींचा एकूण आकडा. माझी विहीर आणि माझी खरडलेली जमीन ही त्यात स्वतंत्र बाब आहे, हे मला कागदावर वाचल्यावर कळले.

मी विहिरीची व जमिनीची छायाचित्रे जोडून तहसील कार्यालयात अर्ज दिला. खाते तीन भावांचे सामाईक असल्यामुळे संमतीपत्र लागले. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे, त्याला त्यासाठी एक दिवस रजा काढून यावे लागले. त्यानंतर फेरपाहणी झाली आणि दोन्ही नोंदी लागल्या. पिकाचे पैसे जमा झाले आहेत, जमिनीचे व विहिरीचे अजून यायचे आहेत. माझ्यासारखे ज्यांनी फक्त पिकाचा पंचनामा करून घेतला, असे आमच्या शिवारात बरेच जण निघाले. त्यांना मी हे पान मोबाइलवर पाठवले.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, जि. बीड

आमच्याकडे आलेल्या पत्रकात हंगामी वसतिगृहांची माहिती अतिशय चांगली दिली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांची मुले गावातच आजीआजोबांजवळ राहून शाळा करू शकतात, त्यांच्या जेवणाची सोय होते आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना भेटावे, असे त्यात सोप्या भाषेत लिहिले होते. दुःख इतकेच, की ते पत्रक डिसेंबरच्या अखेरीस आले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारासच गाव सोडतात. माझ्या वर्गाच्या पटावर 31 मुले आहेत आणि त्यांपैकी नऊ त्या वेळी कारखान्यांच्या फडात होती.

हजेरी घेताना मी ती नऊ नावेही वाचते, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी प्रत्येक वेळी "गेली तोडीला" असे सांगते. पाचवीतल्या एका मुलीला घरच्यांनी केवळ धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी सोबत नेले. तिची आजी गावातच आहे आणि ती नातीला ठेवून घ्यायला तयार होती. जेवणाची सोय शाळेतून होऊ शकते, हे त्या घराला वेळेत कोणी सांगितले नाही. त्यात मीही आले. आमदार महोदयांच्या कार्यालयाला मी लेखी विनंती केली आहे, की हे एक पान तरी पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी गावोगाव पोहोचावे.

धागाकर्ता: ताई, आपली विनंती मी आमच्याही मतदारसंघाच्या कार्यालयात याच शब्दांत देत आहे.

गृहिणी, लातूर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, आम्ही सारे शेतावर गेलो होतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबिलीचे जेवण झाले आणि दिरांनी ते पत्रक सर्वांना वाचून दाखवले. रस्ते, सभामंडप, व्यायामशाळा असे बरेच काही त्यात होते, पण नळाला पाणी किती दिवसांनी येणार, याची एकही ओळ नव्हती. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आम्ही घागरीने मोजून वापरले आहे. धरण भरलेले असतानाही आमच्या गल्लीत आठवड्याने पाणी येते, तेव्हा आमच्यासाठी पहिल्या पानावरची बातमी तीच असायला हवी.

निवृत्त कर्मचारी, परभणी

नोकरीत असताना मी या कामाची दुसरी बाजू पाहिली आहे. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लागला, की मंत्रालयातून निघालेला कागद "तातडीचे" असा शेरा घेऊन आमच्या टेबलावर येत असे, आणि वर्षभर न हललेल्या नस्तीची (फाइलची) माहिती दोन दिवसांत जमवावी लागे. म्हणून केवळ प्रश्न विचारला गेला, एवढ्यानेही पुष्कळदा काम पुढे सरकते, असे माझे प्रामाणिक मत आहे. मंत्र्यांनी सभागृहातील लक्षवेधी सूचनेवर आश्वासन दिले असेल, तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढे जाते, तेव्हा पत्रकातील "आश्वासन मिळाले" या शब्दांखाली रेघ मारून ठेवावी आणि तारीख लिहावी.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपयांचा असतो. त्यातील काम पत्रकात "मंजूर" म्हणून छापलेले असेल, तर प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक विचारावा. तो क्रमांक हाती असला, की पुढची चौकशी कोणत्याही नागरिकाला करता येते. मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपल्यापासून अनुशेषाचा, म्हणजे आपला भाग विकासात किती मागे राहिला याचा, हिशेब एका ठिकाणी मिळणे अवघड झाले आहे. त्यामुळे तालुक्यापुरता का होईना, आकडा सांगणारा कागद मी जपून ठेवतो.

युवक, वडवणी, जि. बीड

पत्रकात रेल्वेची माहिती होती. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली, तो दिवस आम्ही स्टेशनावर जाऊन पाहिला. परळीपर्यंतच्या उरलेल्या मार्गाचे काम कोणत्या टप्प्यावर आहे, हे गावांच्या नावांसह छापावे, एवढीच अपेक्षा आहे.

आशा कार्यकर्ती, औंढा नागनाथ तालुका, जि. हिंगोली

आमच्या तांड्यावर वयस्क बायकांना वाचता येत नाही, म्हणून समाजमंदिराच्या ओट्यावर बसून मी पत्रक मोठ्याने वाचले. शेवटच्या पानावर 108 आणि गरोदर मातांसाठी 102 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत होते. ते पान कापून मी प्रत्येक घरी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. तिसऱ्याच आठवड्यात एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा तिच्या सासूने मला उठवण्याआधी शेजारच्या मुलाला तो आकडा दाखवून फोन लावायला सांगितला होता.

गाडी आली, पण ओढ्याच्या पलीकडेच थांबली, कारण ओढ्यावरची फरशी (ठेंगणा पूल) पावसाळ्यात वाहून गेली आहे. आम्ही तिला बाजेवर घालून ओढ्यातून पलीकडे नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पत्रकात या ठिकाणचा पूल "प्रस्तावित" असा लिहिला आहे. परभणीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मान्यतेचा क्रमांक विचारायला सोमवारी आम्ही सात जणी जाणार आहोत. सध्या ओढ्याला घोट्याएवढेच पाणी आहे, आणि काम करायला जूनपर्यंतचेच दिवस आहेत.