मदत हवी आहे: लीलावतीतलं 'श्रुतिकोटिरूपे' नक्की कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी, माझं संस्कृत दहावीला संपलं, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. भाचीला पायथागोरस शिकवताना म्हटलं भास्कराचार्यांचं मोडलेल्या बांबूचं गणित (बांबू वाऱ्याने मोडून शेंडा जमिनीला टेकतो, बुंध्यापासून किती हातांवर मोडला ते काढायचं) दाखवू, म्हणून लीलावतीची आनंदाश्रमवाली पीडीएफ उघडली आणि पहिल्याच ओळीत आपटलो. 'वेणुर्द्वित्रिपाणिप्रमाणो', मी आपला दोन-तीन हातांचा बांबू धरून चाललो, आकृती पण काढली, मग ट्यूब पेटली की आकडे उजवीकडून वाचायचे, म्हणजे ३२ हात! पुढे 'नृपमितहस्तेष्वङ्ग'. नृप म्हणजे १६, बुंध्यापासून शेंडा टेकला तिथपर्यंतचं अंतर, एवढं कळलं, पण भूतसंख्येत (शब्दांनी आकडे सांगायच्या पद्धतीत) अङ्ग म्हणजे ६ पण असतं ना? ते इथे धरायचं का?

खरी गोची सूत्रात आहे. 'वंशोद्धृत' मधलं वंश म्हणजे बांबू, उद्धृत म्हणजे वर काढलेला वगैरे वाटतं पण इथे भागलेला. ठीक. १६ चा वर्ग २५६, भागिले ३२ म्हणजे ८, ते ३२ मध्ये मिळवून आणि वजा करून ४० आणि २४, त्यांचं अर्धं २० आणि १२. ताळाही जुळतो, १४४ अधिक २५६ बरोबर ४००. पण शेवटी 'वंशस्य खण्डे श्रुतिकोटिरूपे'. श्रुती म्हणजे वेद म्हणून ४, कोटी म्हणजे शंभर लाख, रूप म्हणजे १... अर्धा तास डोकं धरून बसलो! उत्तर आधीच हातात होतं म्हणून सुटलं, श्रुती म्हणजे कान, कान म्हणजे कर्ण 😅 आणि कोटी म्हणजे उभी बाजू. पण उत्तर माहीत नसेल तेव्हा कुठला शब्द आकडा आणि कुठला साधा हे तुम्ही लोक कसं ओळखता?

प्रतिसाद:
आधी विभक्ती बघा. नृप 'मित'ला चिकटलाय, म्हणजे 'इतक्या मापाचे', तिथे आकडा हवाच. अङ्ग मात्र हस्तेषुची सप्तमी होऊन गेल्यावर सुटं येतं, ती नुसती 'अरे बाबा' अशी हाक. आणि ६ धरलात तर ६१६ हात होतील, बांबू ३२ चा! खण्डे द्विवचन आहे म्हणून रूपेही द्विवचन, 'कर्ण आणि कोटी या रूपातले दोन तुकडे', १ बिक काही नाही. वृत्तात बसवायला कर्णाला श्रवणही म्हणतात आणि भुजाला (आडव्या बाजूला) बाहू, तेव्हा पुढे कान-हात दिसले की घाबरू नका.

धागाकर्ता:
६१६ हात 😂 हे डोक्यातच आलं नाही. आता मोर आणि सापाचं गणित उघडतोय, अडलो की इथेच येईन.