शावुओतची कागदी जाळी : अक्षरांकडे लक्ष द्या

शावुओत या ज्यू सणासाठी मुलांकडून कागदी जाळी, म्हणजे कागद कापून केलेली नक्षी, करून घ्यायची कल्पना फार छान. पूर्व युरोपातले ज्यू ती खिडक्यांना चिकटवत. कागद मधोमध दुमडा, घडीपाशी सात फांद्यांच्या दीपाचा अर्धा भाग काढा. आतली बारीक नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी कापा. उलट केलंत तर कागद लुळा पडून फाटतो. हिब्रू अक्षरं मात्र घडी उलगडूनच कापा, नाहीतर दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखी उलटी उमटतात. सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम ही चहूबाजूंनी बंद अक्षरं. अक्षर कोरून काढणार असाल तर आतल्या तुकड्याला बारीक दांडीचा आधार ठेवा, नाहीतर तो हमखास गळून पडतो. सणात कातरकाम निषिद्ध, म्हणून आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच चिकटवून मोकळे व्हा. सणाची रात्र तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, अभ्यासासाठी राखलेली असते.