रेडिंग टेम्सकाठचं नव्हे, केनेटकाठचं गाव

केनेटकाठ (धागाकर्ता):
इंग्लंडमधल्या बर्कशायर काउंटीतल्या रेडिंगची ओळख सगळीकडे 'टेम्सवरचं मोठं गाव' अशीच दिली जाते. (गावच म्हणायचं. वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात, पण 'सिटी'चा दर्जा अजून मिळालेला नाही.) माझं म्हणणं, ही ओळख चुकीची आहे. रेडिंग हे खरं तर केनेटचं गाव. केनेट ही टेम्सला इथेच येऊन मिळणारी छोटी नदी.

नकाशा बघा. टेम्सच्या दक्षिण काठाला सपाट कुरणं, पूर आला की पाण्याखाली. जुनी वस्ती तिथून मागे सरकून केनेटजवळच्या खडीच्या उंचवट्यावर बसली. तिथे केनेट फाट्याफाट्यांत विभागते, म्हणून छोटे पूल घालून ती ओलांडता येत असे. राजा पहिल्या हेन्रीने ११२१ मध्ये मठ स्थापला तो केनेटला लागून. मठाच्या गिरण्या होली ब्रुकवर चालत, आणि होली ब्रुक हा केनेटचाच फाटा. टेम्स तर १९११ पर्यंत काउंटीची हद्द होती. पलीकडचं कॅव्हरशॅम तेव्हा ऑक्सफर्डशायरमध्ये मोडायचं.

उलटा प्रवाह:
अजिबात पटलं नाही. वस्ती कुठे बसली आणि गाव कशावर जगलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रेडिंग जगलं लंडनच्या बाजारावर, आणि लंडनची वाट टेम्समधून. पश्चिमेकडचा माल बैलगाड्या-घोडागाड्यांनी रेडिंगला यायचा आणि इथे नावेत चढायचा. केनेट पश्चिमेकडच्या न्यूबरी गावापर्यंत नावांना खुली होणार म्हटल्यावर हा धंदा हातचा जाणार, हे लोकांनी ओळखलं. १७२० मध्ये सुमारे ३०० जणांनी चाललेलं काम उद्ध्वस्त केलं, आणि त्यांत खुद्द महापौर होते! ज्यांचं गाव केनेटचं म्हणता, ते तिच्यावर कुदळी घेऊन जातील?

केनेटकाठ:
दंगल खरी, पण माल चढायचा तो धक्का कुठे होता? हाय ब्रिजपाशी, म्हणजे केनेटवर.

शिवाय काम थांबलं नाही. जॉन होर या इंजिनिअरने ते १७२३ मध्ये पुरं केलं. साडेअठरा मैलांपैकी सुमारे साडेअकरा मैल नवे खोदलेले कालवे, आणि २० लॉक (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेतात). लॉकच्या भिंती बहुतेक ठिकाणी दगडी नव्हत्या, उतरत्या गवती बांधांच्या होत्या. बांधायला स्वस्त, पण वरचं तोंड रुंद होत असल्यामुळे दर खेपेला पाणी जास्त लागतं, भरायला वेळही जास्त. पाणी उतरताना नाव कडेला राहिली तर उतारावर टेकून कलंडू शकते, म्हणून आत मार्गदर्शक कठडे लावावे लागतात. मंकी मार्श आणि गार्स्टनला असे लॉक अजून पाहता येतात. १८१० मध्ये हीच वाट पुढे कालव्याने एव्हन नदीला, म्हणजे ब्रिस्टलच्या बाजूला, जोडली गेली.

रूळ:
आणि १८५२ मध्ये तो अख्खा कालवा ग्रेट वेस्टर्न रेल्वेने विकत घेतला. नद्यांचा वाद तिथेच संपतो. ३० मार्च १८४० ला लंडनहून रेल्वे आली, त्यानंतरच रेडिंग खऱ्या अर्थाने मोठं झालं.

स्टेशनाची रचना मात्र फसली होती. गाव रुळांच्या एकाच बाजूला, म्हणून रेल्वेचा इंजिनिअर ब्रुनेल याने दोन्ही दिशांचे प्लॅटफॉर्म दक्षिणेलाच ठेवले. प्रवाशांना रूळ ओलांडावे लागत नव्हते, पण एका दिशेच्या थांबणाऱ्या गाड्यांना समोरच्या मार्गाला छेदून आत यावं लागे. वाहतूक वाढली तशी ती मोठी अडचण झाली.

हंटली अँड पामर्सची बिस्किटं जगभर गेली तीही रेल्वेमुळेच. १९०० च्या सुमारास त्या कारखान्यात ५,००० हून जास्त कामगार होते.

केनेटकाठ:
१८४६ मध्ये त्या कारखान्याने किंग्ज रोडची जागा घेतली, ती केनेटला लागूनच. रेल्वेने वेग दिला हे मान्य, पण रूळही नदीच्या खोऱ्यातूनच आले.

आजही टेम्सवरून गावाच्या पोटात शिरायचं तर केनेटच लागते. संगमावर वळायचं, ब्लेक्स लॉक चढायचं, मग ओरॅकल मॉलमधून जाणारा अरुंद पट्टा. तिथे प्रवाह जोराचा, वळणं आंधळी आणि दोन नावा शेजारून जात नाहीत, म्हणून नावांसाठी चक्क सिग्नल आहे. बटण दाबायचं, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं, आणि आत शिरल्यावर मध्ये कुठेही नाव बांधायची नाही.

उलटा प्रवाह:
ब्लेक्स लॉकचं नाव काढलंत ते बरं झालं. केनेटवरचा हा एकच लॉक टेम्स सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे आहे, बाकीचे सगळे कालव्यांच्या संस्थेकडे. गावात शिरायचं दारच टेम्सच्या ताब्यात आहे. मी माझ्या मतावर ठाम आहे.