नाकाजिमाच्या आठवणी आहेत का कुणाकडे?

पावशेर_पाऊस: नागोयात सकाळपासून धो धो. वायपर जोरात लावले आणि सातोरू नाकाजिमा आठवला, जपानचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर. 1989, ऑस्ट्रेलियात ॲडलेडची शर्यत. त्याच्या लोटस टीमचं होंडा इंजिन गेलेलं, त्याजागी जड कंपनीचं (नाव मराठीत शोभतं अगदी). हा 23 व्या जागेवरून सुटला, समोर पाण्याचा नुसता पडदा, सेन्नासारखा चॅम्पियनसुद्धा आपटला त्यात. आणि हा चौथा! सगळ्यात वेगवान फेरीही याचीच. मी पाहिली 2003 मध्ये, शेजारच्या आजोबांकडे, खरखरत्या टेपवर. दर वळणाला आजोबा स्वतःच कलायचे, चहा निम्मा चटईवर. लिहा तुमचंही.

कोकमसरबत: 34 व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला बाबा. मला त्या वयात जिना चढताना धाप लागायची.

टायरवाला: 87 ला इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला पहिले चारही होंडा इंजिनवाले, चौथा हा. दोन फेऱ्या मागे होता ते सांगायचं नसतं 😄

मुक्ता_सं: जपानची सुझुकाची शर्यत, 1988. सरावाच्या तोंडावर आई गेल्याचं कळलं, तरी गाडीत बसला. सातवा आला. बाबा गेले तेव्हा मीही चौथ्या दिवशी ऑफिसात होते. असो, कुकर झाला.

कोकमसरबत: मुक्ता 🙏

भाकरी_आणि_ब्रेक: मला लेकाचं जास्त लागलं. काझुकी, फ्रान्सची चोवीस तासांची ले मान्स शर्यत, 2016. वेळ संपायला काही मिनिटं, त्याची टोयोटा पुढे, आणि गाडीचा दमच गेला. स्टँडसमोर उभी! इकडे माझी भाकरी तव्यावर कोळसा. 2018 ला शेवटची पाळी त्याच्याकडेच होती, जिंकले. सासूबाई म्हणाल्या, आज तरी नीट भाज.

टायरवाला: मग 19 आणि 20 पण.

हिंजवडीकर: आपला नारायण कार्तिकेयन 2017-18 ला जपानच्या सुपर फॉर्म्युला शर्यतींत नाकाजिमाच्याच टीमकडून पळायचा, गाडीवर टीसीएस. भाऊ तेव्हा टीसीएसमध्ये, घरची गाडी असल्यासारखा मिरवायचा.

नवी_नागोयाकर: विषयांतर, इथे कढीपत्ता कुठे मिळतो?

पावशेर_पाऊस: माझ्याकडे कुंडीत आहे, व्यनि कर. हिवाळ्यात मात्र घरात घ्यावी लागते.

मुक्ता_सं: त्या टेपचं काय झालं?

पावशेर_पाऊस: आजोबा गेल्यावर आजींनी मला दिली, फुरोशिकीत (गाठोडं बांधायचं जपानी कापड) बांधून. लावायला व्हीसीआर नाही.

टायरवाला: माझ्याकडे आहे, सातारला. चालतो. वर डिक्शनरी ठेवावी लागते फक्त.