मदत हवी आहे: जंगलात तग धरण्याचे कार्यक्रम आता पूर्वीसारखे का भिडत नाहीत?

रानात, वाळवंटात, बर्फात एकटा सापडलेला माणूस कसा जगतो हे दाखवणारे टीव्हीवरचे कार्यक्रम काही काळाने फिके पडतात का? की हे फक्त माझंच झालंय? जाणकारांनी मनापासून उत्तर द्यावं, कारण त्यावर माझं एक काम अडलंय.

काम असं: माझा भाचा बारा वर्षांचा आहे आणि त्याला या कार्यक्रमांची नुकतीच गोडी लागली आहे. आम्ही दोघं मिळून बघतो. पडद्यावरचा माणूस कड्यावरून उतरायला लागला की पोरगा श्वास रोखून बसतो, आणि मला मात्र पुढे काय होणार हे आधीच दिसत असतं. त्याच्या वयाचा नसलो तरी मीही एकेकाळी असाच बघायचो. त्याचा आनंद माझ्या कंटाळ्याने नासू नये, आणि जमलं तर मलाही तो परत मिळावा, एवढीच इच्छा आहे.

माझा अनुभव सांगतो. बेअर ग्रिल्सचा 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' २००६ साली सुरू झाला आणि २०११पर्यंत चालला. सुरुवातीला प्रत्येक भाग नवा वाटायचा. मग हळूहळू त्यामागचा साचा दिसायला लागला. हेलिकॉप्टरमधून उडी, एखादा कडा, एखादी गार नदी, किळस येईल असं काहीतरी खाणं, रात्रीपुरता आडोसा, आणि शेवटी रस्ता किंवा माणसं दिसणं. मुलूख बदलतो, क्रम बदलत नाही. २००७ साली तो काही रात्री हॉटेलात राहिला होता आणि काही प्रसंगांत पथकाची मदत होती हे उघड झालं. त्यानंतर कार्यक्रमात तशी सूचना दाखवायला लागले. मला त्या हॉटेलाचा राग कधीच आला नाही. तो सैन्यात राहिलेला, अंगात खरी धमक असलेला माणूस आहे आणि ते कडे तो स्वतःच उतरतो. झालं इतकंच, की तेव्हापासून माझं लक्ष त्याच्यावरून उडून कॅमेरा कुठे उभा आहे याकडे जायला लागलं. तो घळीत उतरतोय आणि चित्रण खालून दिसतंय, म्हणजे कोणीतरी आधीच खाली पोचलंय! एकदा हे डोक्यात आलं की भीती उरत नाही, आणि भीती गेली की बाकीचं सगळं प्रात्यक्षिक वाटतं.

याच कारणाने लेस स्ट्राउडचा 'सर्व्हायव्हरमॅन' मला जास्त काळ पुरला. हा कॅनडाचा माणूस पथकाशिवाय एकटा राहायचा, साधारण आठवडाभर, आणि चित्रणाचं सगळं सामान स्वतः वाहायचा. दूर चालत जाणाऱ्या त्याच्या पाठमोऱ्या आकृतीचं दृश्य दिसलं, की तो कॅमेरा उचलायला तो तेवढंच अंतर परत आला असणार हे कळायचं. उपाशी माणसाने केवळ आपल्याला दिसावं म्हणून केलेली ती दुप्पट चाल मला आजही हलवते. त्याच्या भागांत बराच वेळ काहीच घडत नाही. तो बसतो, माउथ ऑर्गन वाजवतो, सापळा रिकामा निघाला म्हणून सांगतो. पण तेही शेवटी पाठ झालं.

मग 'अलोन' आला, २०१५ साली. दहा जण, प्रत्येकाला यादीतून निवडलेल्या दहा वस्तू, सगळे एकमेकांपासून दूर, चित्रण स्वतःचं स्वतः. सोडायचं असेल तर उपग्रह फोन. जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला, आणि बाकी किती उरलेत हे कोणालाच कळत नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावरचा पहिला हंगाम मी झपाटल्यासारखा पाहिला. विजेता ५६ दिवस राहिला होता. पुढच्या हंगामात मात्र मला तिथेही ठरावीक वळणं दिसायला लागली: आडोसा, मासे, भूक, घरची आठवण, फोन. दुसऱ्या हंगामानंतर मी सोडून दिलं.

तर माझं विचारणं असं आहे. हे विटणं कार्यक्रमांच्या घडणीतच आहे, की बघणाऱ्याने बघण्याची पद्धत बदलली तर ते टळतं? भाच्याबरोबर आता काय बघावं, म्हणजे त्याला धरून ठेवेल आणि मलाही? आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: यातलं कुठलं शिक्षण घातक आहे हे त्याला मजा न घालवता कसं सांगू? परवा तो मला अगदी गंभीरपणे म्हणाला, की वाळवंटात हरवलो तर स्वतःची लघवी प्यायची.

पायवाट:
विटणं घडणीतच आहे असं मी म्हणेन, पण सगळ्या कार्यक्रमांच्या नाही.

जगण्याचं ज्ञान म्हणून बघायला गेलं तर विषय थोडेच आहेत. निवारा, पाणी, आग, अन्न, आणि मदतीला खूण कशी करायची. मोजक्या भागांत हे सांगून संपतं. त्यानंतर निर्मात्यांकडे दोन वाटा उरतात. एक म्हणजे तिखट वाढवत नेणं. 'नेकेड अँड अफ्रेड'ने २०१३ साली कपडेच काढून घेतले आणि दोन अनोळखी माणसांना २१ दिवस सोडलं. इतरांनी नामवंत पाहुणे आणले. यातलं प्रत्येक तिखट काही दिवस चालतं, मग जिभेला त्याचीही सवय होते.

दुसरी वाट म्हणजे वेळ. माणसाला इतका काळ तिथे राहू द्यायचं की युक्त्या संपतील आणि फक्त माणूस उरेल. 'अलोन' ही दुसरी वाट आहे, आणि धागालेखक, तुम्ही ती नेमकी फळ धरण्याआधी सोडलीत! तिसरा हंगाम दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियात आहे. शेवटी दोघं उरले. विजेता ८७ दिवस राहिला, कारण ८६व्या दिवशी वैद्यकीय तपासणीत दुसऱ्या स्पर्धक बाईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १७च्या खाली गेलेला निघाला आणि नियमाप्रमाणे त्यांना परत नेलं. त्यांनी फोन केलाच नव्हता. मनाने त्या कुठेच हरल्या नव्हत्या, शरीराचा साठा संपला होता. तो भाग पाहिल्यावर मला कळलं की आपण इतकी वर्षं कौशल्य बघत होतो आणि बघायला हवा होता हिशेब.

हा हिशेब धरून बघा. आडोसा बांधायला किती शक्ती गेली, त्या बदल्यात रात्री किती ऊब मिळाली? मोठं, देखणं लाकडी घर बांधणारा माणूस पुष्कळदा आधी खंगतो. गळ टाकून स्वस्थ बसलेला माणूस आळशी दिसतो, पण तो वाचवत असतो. सहाव्या हंगामात, कॅनडाच्या उत्तरेला ग्रेट स्लेव्ह सरोवराकाठी, जॉर्डन जोनास या स्पर्धकाने बाणाने मूस, म्हणजे तिथलं प्रचंड मोठं हरीण, मारला. आता तो जिंकला असं आपल्याला वाटतं. पण वुल्व्हरिन नावाचा प्राणी येऊन त्याची साठवलेली चरबी पळवायला लागतो, आणि तिथे खरी गोष्ट सुरू होते. कारण नुसत्या बिनचरबीच्या मांसावर थंडीत माणूस जगत नाही. ससे पोटभर खाऊनही माणसं खंगत जातात, याचं कारण हेच. चरबी गेली म्हणजे दिवस गेले. हे माहीत असलं की झाडावर टांगलेल्या एका पिशवीकडेही धडधडत्या छातीने बघता येतं. तो ७७ दिवसांनी जिंकला.

तुमच्या भाच्याला एक वही द्या. प्रत्येक स्पर्धकाने आज काय खाल्लं आणि कशात शक्ती घालवली हे लिहू दे. कोण आधी परतेल याचे अंदाज बांधा. पुढचं दृश्य ठाऊक असल्याचा तुमचा त्रास तिथे थांबेल, कारण हे निर्मात्यालाही आधी ठरवता येत नाही.

चकमक:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण माझा इलाज वेगळा आहे. पडद्यावरून थोडं उठा आणि हाताने करून बघा.

लाकडावर लाकूड घासून, म्हणजे धनुकलीच्या दोरीने काठी फळीवर फिरवून, आग पाडायची, एवढं एक काम घ्या. मोकळी जागा, शेजारी पाण्याची बादली, मोठं माणूस सोबत. टीव्हीवर ते काही क्षणांत होतं. प्रत्यक्षात आधी कळतं की लाकूड आतून दमट आहे. मग दोरी घसरते. मग धूर येतो आणि तुम्ही हुरळून थांबता, तर ठिणगी मरते. काळा भुसा खाचेत साठून त्याचा निखारा होईपर्यंत फिरवत राहावं लागतं, आणि तो निखारा सुक्या तंतूंच्या घरट्यात हलकेच ठेवून फुंकावा लागतो. हे एकदा केलंत की टीव्हीवर कोणी आग पाडताना दिसलं तर तुम्ही त्याचे खांदे बघाल, श्वास बघाल, भुशाचा रंग बघाल. जुने भाग नवे होतात.

यासाठी रे मिअर्सचे बीबीसीवरचे कार्यक्रम शोधा. तो घाई करत नाही, निसर्गाला शत्रू समजत नाही, आणि त्या त्या भूमीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या लोकांकडून शिकतो. कॅनडात अल्गोंक्विन या तिथल्या मूळ जमातीतल्या एका कारागिरासोबत त्याने भूर्जाच्या सालीची होडी बनवताना दाखवली आहे. त्यात कोणी मरणाच्या दारात नाही, तरी मी तो भाग पुन्हा पुन्हा बघतो. ऑस्ट्रेलियाच्या जॉन प्लांटची 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी' ही यूट्यूब वाहिनीही बघा, २०१५पासून आहे. एक शब्द न बोलता तो मातीतून भट्टी, कौलं, विटा उभ्या करतो. आणि त्याची नक्कल करणाऱ्या, एका दिवसात तलाव खणून दाखवणाऱ्या वाहिन्यांपासून मुलाला दूर ठेवा. तिथे चित्रणाबाहेर यंत्रं राबतात.

आता घातक शिक्षणाबद्दल. लघवीत शरीराने बाहेर टाकलेले क्षार असतात. ती प्यायल्याने ते पुन्हा आत जातात आणि ते काढायला शरीराला आणखी पाणी लागतं. हे कारण सांगा, नुसतं 'नको' म्हणू नका. साप चावल्यावर जखम कापून विष चोखायचं नाही. चावलेला भाग कमीत कमी हलवत शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठायचा. तहान भागवायला बर्फ तसाच खात राहायचं नाही, तो वितळवायला शरीराची ऊब जाते. उंचावरून उड्या तर मुळीच नाहीत, कारण एकट्याचा घोटा मुरगळला तर बाकीचं सगळं कौशल्य तिथेच संपतं.

पण सर्वांत मोठी चूक कुठल्याही एका युक्तीत नाही. ती चालत राहण्यात आहे. कार्यक्रमाला हालचाल हवी असते म्हणून तिथला माणूस सतत पुढे जातो. खरोखर हरवलेल्या माणसाने, विशेषतः मुलाने, आहे तिथेच थांबायचं असतं. शोधणारे शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून शोध सुरू करतात. मुलांना जवळच्या झाडापाशी थांबून राहायला शिकवतात ते याचसाठी. वाळवंटात गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही, कारण वरून माणूस दिसत नाही, गाडी दिसते. भाच्याला एवढी एक गोष्ट पक्की कळली तर बाकीचे कार्यक्रम त्याने खुशाल बघावेत.

सावली:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. एखाद्या गोष्टीची गोडी ओसरली तर ती ओढून परत आणायलाच हवी का? माझी गेली, आणि मी त्या वेळात चित्रण नसलेल्या पायवाटांवर चालायला लागले. तुमच्या भाच्याची गोडी त्याची त्याला असू द्या. सोबत बसलात एवढं त्याला पुरे आहे.

धागालेखक:
तिघांचेही आभार, अगदी मनापासून. सावली, तुमचं म्हणणं कळलं, पण मला अजून सोडायचं नाहीये. पायवाट यांचा हिशेब मला कधी सुचलाच नव्हता. मी कायम पुढे काय होणार हे बघत राहिलो, कशाच्या बदल्यात काय जातंय हे बघितलंच नाही. चकमक, लघवीचं कारण आज त्याला सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "मग टीव्हीवर का पितात?" मी म्हटलं, बघणाऱ्याच्या लक्षात राहावं म्हणून. त्याला ते पटलं.

सहाव्या हंगामापासून सुरुवात करायची म्हणतोय. एकच शंका: त्यात शिकार आणि प्राणी सोलण्याची दृश्यं कितपत उघडी आहेत? बारा वर्षांच्या मुलाला चालतील का?

पायवाट:
बरीच उघडी आहेत, लपवून ठेवत नाहीत. आधी तुम्ही एकटे बघा. मूसचा भाग आणि जोनास वुल्व्हरिनला कुऱ्हाडीने मारतो तो भाग, हे दोन खास. सातव्या हंगामात तर विजेता मस्क ऑक्सला (उत्तरेकडच्या केसाळ, बैलासारख्या प्राण्याला) बाण मारून शेवटी चाकूने संपवतो; तो हंगाम १०० दिवसांचा आहे आणि फार चांगला आहे, पण भाच्याला वर्षा-दोन वर्षांनी दाखवा. मारल्यानंतर ही माणसं बहुधा थोडा वेळ गप्प होतात, काही जण प्राण्याचे आभार मानतात. तिथे पुढे पळवू नका, त्याला काय वाटलं ते विचारा. नको म्हणाला तर तिसऱ्या हंगामाने सुरुवात करा, त्यात मुख्यतः मासेच आहेत.